अडलेल्या चावीच्या बाजूने

‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली आहे. पण हरी न अडता हरीच्या गाडीची चावीच इग्निशनमध्ये अडली, तर त्याने कुणाचे पाय धरायचे, हे काही मराठीच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. बरं, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तरी असावं? तीन वर्षं शोधतोय, अजून सापडलेलं नाही. आम्हाला मात्र हा प्रश्न एकदा आऊट ऑफ सिलॅबस आला, आणि तोही रात्री दीड वाजता.

झालं असं की, गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या पोटात दुखायला लागलं. आधी सगळ्यांनी मेसच्या उसळीवर खापर फोडलं. ओवा झाला, सोडा झाला, ‘जरा झोप, बरं वाटेल’ असे सल्ले देऊन झाले. एकच्या सुमारास तो उजव्या बाजूला हात दाबून दुमडला, तेव्हा आमची हवा टाईट झाली. फोन केला तर अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग उठवलं रेक्टर सरांना. सरांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री गाडी चालवायची त्यांना मनाई. पण त्यांनी क्षणाचाही विचार न करता चावी आमच्या हातात ठेवली. म्हणाले, “ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याने चालवा, आणि सावकाश जा रे.”

सरांची जुनी छोटी गाडी मेससमोरच्या पाराला पुढचं चाक टेकवून उभी होती. मित्राला मागच्या सीटवर झोपवलं. लायसन्सवाला ड्रायव्हिंग सीटवर बसला, चावी घातली, फिरवली... आणि चावी किंचित फिरून थांबली. पुढे जाईना. बरं, काढून परत घालावी म्हटलं, तर बाहेरही येईना!

आता गाडीभोवती कोण उभं होतं ते सांगतो. तीन मेकॅनिकलचे, एक प्रॉडक्शनचा आणि एक ई अँड टी.सी.चा (तो टॉर्च धरायला). एकूण बॅकलॉग फक्त एक. एवढ्या ज्ञानी मंडळींनी काय केलं? जोर लावला. आधी एकाने, मग दुसऱ्याने, मग ‘सरक, तुला नाही जमायचं’ म्हणत तिसऱ्याने. शेवटी रूमवरून पक्कड आणली आणि चावीचं डोकं पकडून पिळलं. चावी फिरली नाही. वाकली.

तेवढ्यात गेटवरचे वॉचमन काका काठी टेकत आले. पूर्वी बरीच वर्षं ट्रकवर होते, आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर. त्यांनी आम्हाला नुसतं हाताने बाजूला केलं, आत बसले, डाव्या हाताने स्टिअरिंग एका बाजूला दाबून धरलं आणि उजव्या हाताने ती वाकडी चावी हलकेच फिरवली. टक्! गाडी सुरू. काका उतरले आणि एवढंच म्हणाले, “पोरांनो, ती अडली नव्हती. तिला तुम्ही अडवली होती.”

आमची पंचवीस मिनिटं गेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, अपेंडिक्स निघालं. “दुखायला लागून किती वेळ झाला?” या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं, पण त्यातली पंचवीस मिनिटं कुठे गेली ते सांगायची हिंमत कुणाची झाली नाही. ऑपरेशन वेळेत झालं. मित्र आता ठणठणीत आहे आणि मेसच्या उसळीची जाहीर माफी मागून झाली आहे. पण काकांचं ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही. हा लेख त्या वाक्यावरच आहे.

चावी नेमकी अडते कुठे?

नंतर वर्कशॉपमधल्या सरांच्या मागे लागून भंगारातला एक स्टिअरिंग कॉलम उघडून पाहिला. आत गंमत आहे. आपण चावी काढून स्टिअरिंग जरा फिरवलं, की एक लोखंडी पिन बाहेर येऊन स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत बसते. हे स्टिअरिंग लॉक. चोराने वायरी जोडून इंजिन चालू केलं तरी गाडी वळवता येऊ नये, म्हणून ही सोय. चावी फिरवली की आतला कॅम ही पिन मागे ओढतो.

पण चाक जर दगडाला किंवा पाराला टेकून पिळलेलं राहिलं, तर त्या पिळलेल्या टायरचा सगळा ताण दांड्यातून येऊन पिनच्या कडेवर बसतो. पिन खाचेत दाबली जाते. आता आठवा फर्स्ट इयरचं अप्लाइड मेकॅनिक्स. घर्षणाचं बल म्हणजे म्यू गुणिले एन. इथे एन म्हणजे खाचेने पिनवर दिलेला दाब. तो एवढा मोठा असतो की चावीच्या इवल्याशा डोक्यावर दोन बोटांनी लावलेला टॉर्क त्यापुढे काहीच नाही. आम्ही पक्कड आणून टॉर्क वाढवत बसलो. काकांनी स्टिअरिंग दाबून एन कमी केला. भिंतीला टेकवलेल्या शिडीची पन्नास गणितं आम्ही सोडवली होती, आणि काकांनी एकही नाही! तरी पेपर त्यांनी सोडवला.

आणि चावी बाहेर का येत नव्हती? बॅरलमध्ये पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली स्प्रिंग. बरोबर चावी आत गेली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि बॅरल फिरतं. पण एकदा का बॅरल जरासंही फिरलं, की त्या पट्ट्या चावीला धरून ठेवतात. मूळ जागी परत आल्याशिवाय चावी सुटत नाही. आमची चावी किंचित फिरली होती म्हणून बाहेर येईना, आणि पिन दाबलेली होती म्हणून पुढे जाईना. दोन्ही बाजूंनी यंत्र आपलं काम चोख करत होतं. काम करत नव्हतं ते आमचं डोकं.

अडणं हासुद्धा डिझाइनचाच भाग

माझा मुद्दा इथून सुरू होतो. आपण इंजिनिअर लोक ‘अडलं’ म्हणजे ‘बिघडलं’ असं धरून चालतो. इग्निशनच्या चावीच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं असतं. ती अडावी म्हणून कुणीतरी डोकं लावून, पैसे खर्चून तिला अडवलेलं असतं.

अमेरिकेत १९७० पासून नव्या गाड्यांना नियम लागू झाला, की चावी काढल्यावर इंजिन तर सुरू होता कामा नयेच, शिवाय स्टिअरिंग तरी अडलं पाहिजे नाहीतर गाडीचं पुढे जाणं तरी अडलं पाहिजे. पुढे ऑटोमॅटिक गाड्यांचा प्रश्न आला. माणूस चावी काढून उतरायचा, गिअर ‘पार्क’मध्ये नसायचा, आणि गाडी उतारावरून आपली आपण निघायची. कधी आत बसलेलं पोर गिअरचा दांडा ओढायचं. म्हणून १९९२च्या सप्टेंबरपासून तिथे सक्ती झाली, की गिअर ‘पार्क’मध्ये गेल्याशिवाय चावी निघताच कामा नये. आपल्याकडेही आता ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ दिसतात, आणि ज्यांना चावी आहे त्यांच्यात ही सोय असते. तेव्हा अशा गाडीची चावी निघत नसेल, तर ती गाडी आपल्याला ओरडून सांगत असते, “अहो, मी अजून पार्कमध्ये नाही!” आणि आपण खाली उतरून तिला शिव्या देत असतो.

आता याच्या उलट, चावी जेवढी अडायला हवी तेवढी अडली नाही तर काय होतं? याचं उदाहरण प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला हवं, असं माझं मत आहे. २०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या एका दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष काय? स्विच ‘रन’ या जागी चावीला पुरेसा घट्ट धरत नव्हता. जुडगा जड असला, गुडघा लागला किंवा रस्त्यात धक्का बसला, तर चावी चालत्या गाडीत आपोआप मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकची मदत बंद आणि मुख्य म्हणजे एअरबॅगही बंद. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई योजनेत या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य करण्यात आले. आत एक छोटी स्प्रिंग आणि एक छोटा दट्ट्या असतो. ठरवलेल्या टॉर्कपेक्षा तो कमी भरतोय हे माहीत असतानाही पार्ट मंजूर झाला होता.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गाड्या वाटेत बंद पडतात अशा तक्रारी आल्यावर कंपनीने २००५ मध्ये डीलरांना कळवलं, की गिऱ्हाइकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. म्हणजे दोष स्विचचा आणि शिक्षा किचेनला! मग २००६ मध्ये दट्ट्या गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का पडतोय हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना. शेवटी एका मृत मुलीच्या आईवडिलांनी लावलेल्या खटल्यात एका तज्ज्ञ इंजिनिअरने जुना स्विच आणि नवा स्विच उघडून शेजारी-शेजारी ठेवले, आणि दट्ट्याच्या लांबीतला फरक उघड झाला. २०१५ मध्ये कंपनीने सरकारी चौकशी मिटवताना ९० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

विचार करा मित्रांनो. आम्ही ज्या अडण्यावर पक्कड घेऊन तुटून पडलो, ते अडणं त्या स्विचमध्ये थोडं कमी पडलं म्हणून एवढी माणसं गेली. आणि ड्रॉइंगवर एक नंबर बदलायचा राहिला म्हणून कारण सापडायला इतका उशीर झाला. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या शीटवर ग्लास ट्रेसिंग करून टायटल ब्लॉक कॉपी करताना हे जरूर आठवावं.

मग करायचं काय?

नुसती लेक्चरबाजी नको म्हणून जे शिकलो ते क्रमाने सांगतो. स्टाफपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे हँडब्रेक ओढा आणि हात चावीवरून काढा. राग शांत होऊ द्या. दोन बोटांपेक्षा जास्त जोर लागत असेल, तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी जोर लावताय हे नक्की.

चावी घातली पण फिरत नसेल, तर स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून बघा. एका बाजूला ते अजिबात हलणार नाही, दुसऱ्या बाजूला बोटभर हलेल. त्या हलणाऱ्या बाजूला दाबून धरा आणि चावी हलक्या हाताने फिरवा. आपल्या बाइकच्या हँडल लॉकचंही हेच गणित आहे. साइड स्टँडवरच्या गाडीचं हँडल आपल्याच वजनाने लॉकच्या पिनवर रेललेलं असतं. ते जरा ढकलून धरा, मग चावी फिरवा. पार्किंगमध्ये रोज सकाळी चावीशी कुस्ती खेळणारे पैलवान आपल्या हॉस्टेलवर कमी नाहीत.

गाडी बंद केली पण चावी निघत नसेल, तर ती खरोखर ‘लॉक’पर्यंत मागे आली आहे का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत ‘ॲक्सेसरी’वरून ‘लॉक’वर यायला चावी आत दाबून फिरवावी लागते. काहींत शेजारी छोटं बटण असतं. चावी अर्ध्यात सोडून निघून गेलात, तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल.

ऑटोमॅटिक असेल, तर ब्रेकवर पाय ठेवून गिअर एकदा बाहेर काढा आणि पुन्हा ‘पार्क’मध्ये नीट बसवा. दांडा वरून ‘पी’वर दिसतो, पण खाली पूर्ण बसलेला नसतो, असं बरेचदा होतं. काही गाड्यांत चावी सोडणारा भाग विजेवर चालतो. बॅटरी मेली की चावीही अडकते. अशा वेळी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट द्यायचा, किंवा हाताने सोडवायची सोय कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात बघायचं. पुस्तक म्हणजे ते, जे गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच आहे! बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत चावी अडकायचा प्रश्न नाही, पण नियम तोच. ‘पार्क’मध्ये नसाल तर पुष्कळ गाड्या पूर्ण बंद व्हायला नकार देतात आणि बीप-बीप करत बसतात. ती कटकट नाही, निरोप आहे.

हे सगळं ठीक असून चावी अडत असेल, तर मात्र झीज किंवा घाण समजा. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही बॅरलला मानवत नाहीत. तेल किंवा ग्रीस ओतू नका. ते धूळ धरून ठेवतं आणि काही दिवसांनी आत चिकट लगदा होतो. ग्रॅफाइटची पावडर मिळाली तर उत्तम. नाहीतर मऊ शिसपेन्सिल चावीच्या दातांवर चांगली घासा आणि चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करा. ड्रॉइंग हॉलमधल्या पेन्सिलींचा तेवढाच सदुपयोग. आणि झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट करू नका. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं, झीजही कॉपी होते. ठेवणीतली न वापरलेली चावी किंवा चावीचा कोड नंबर, यावरून नवी करून घ्या.

शेवटचं म्हणजे चावी तुटलीच, तर उरलेल्या तुकड्यामागे दुसरी चावी घुसवू नका आणि झटपट गोंद लावण्याचे शोध तर मुळीच लावू नका. गोंदाने तुकडा चावीला नाही, बॅरललाच चिकटतो. सरळ किल्लीवाल्याला गाठा. त्याच्याकडे यासाठी बारीक आकडे असतात.

‘पण आपण काय मेकॅनिक आहोत का?’

हा प्रश्न मला रूमवर विचारला गेला. आपण इंजिनिअर, डिझाइन करणार, सॉफ्टवेअरमध्ये जाणार. चावी अडली तर मेकॅनिकला फोन करू! मुद्दा अगदीच चुकीचा नाही. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता यावी असं मीही म्हणत नाही. पण त्या रात्री आमच्याकडे कमी काय पडलं? हत्यार होतं, ताकद होती, थिअरीही होती. कमी पडला तो एक प्रश्न, ‘ही कशामुळे अडली असेल?’ हा प्रश्न विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. तो न विचारता जोर लावणारा माणूस मात्र कितीही डिग्र्या घेऊन इंजिनिअर होत नाही. प्रोग्रॅम एरर देतोय म्हणून एररची ती ओळच कॉमेंट करून टाकणारे आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून तिथे जाड तार लावणारे, हे सगळे आमच्या पक्कडवाल्यांचेच भाऊबंद.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, वर्कशॉपच्या टेबलावर एक कापलेलं इग्निशन बॅरल आणि एक जुना स्टिअरिंग कॉलम कायमचा ठेवावा. भंगारात मिळतो, खर्च फार नाही. फर्स्ट इयरच्या पोरांनी फाइलने चौकोन घासताना येता-जाता त्यात चावी फिरवून बघावी. घर्षण काय असतं ते बोटांना कळेल. दुसरी, वॉचमन काकांचं एक लेक्चर ठेवावं. टाळ्या वाजवायला आम्ही पाच जण पहिल्या बाकावर असू.

असो. त्या वाकलेल्या चावीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. सर बिचारे काही बोलले नाहीत. चावी ऐरणीवर ठेवून हातोडीने सरळ केली आणि वापरत राहिले. वाकवलेला धातू परत सरळ केला की तो कडक होतो आणि ठिसूळही, हे मटेरियल सायन्समध्ये आम्ही चार मार्कांसाठी लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी भर बाजारात ती चावी बॅरलमध्ये तुटली आणि अख्खा लॉक सेट बदलावा लागला. आम्ही वर्गणी काढून पैसे द्यायला गेलो, तर सरांनी ते घेतले नाहीत. तुटलेल्या चावीचा अर्धा तुकडा मात्र हातावर ठेवला आणि म्हणाले, “हा ठेवा. डिग्रीबरोबर फाइलला लावा.”

तो तुकडा माझ्या टेबलावर आहे. एखादं गणित अडलं, प्रोग्रॅम अडला किंवा माणूस अडून बसला, की मी आधी त्याच्याकडे बघतो. मग पक्कड खाली ठेवतो.